पाहुण्यांची पेटी

तुम्ही हसणार आहात, हे मला आधीच ठाऊक आहे. हसा, पण चहाचा कप खाली ठेवून हसा. मागच्या वेळी हे सांगितलं तेव्हा आमच्या नणंदेनं नव्या सतरंजीवर सगळा चहा सांडला होता. दोन देशांच्या दोन बंदरांनी मिळून केलेला करार नागपुरात बसून एका दुपारीत बुडवायला निघालेली बाई कधी पाहिली आहे का तुम्ही? पाहून घ्या. समोर बसली आहे. आणि तोपर्यंत मी समुद्र पाहिलासुद्धा नव्हता.

ऐंशी सालानंतरची पहिली काही वर्षं. मी तेव्हा संत्रा बागाईतदारांच्या एका संघात नोकरीला होते. हुद्दा टायपिस्टचा, कामं मात्र जगातली सगळी. पत्रं टाइप करा, हमालांची भांडणं सोडवा, मीटिंगला चिवडा कमी पडला की तोही मीच बघा. आमचे अध्यक्ष भाऊसाहेब. काटोलकडचे मोठे बागाईतदार, पांढरं धोतर आणि आवाज असा की टेलिफोनवर पैसे कशाला घालवतात, असं वाटायचं. खिडकी उघडून बोलले असते तरी काटोलपर्यंत ऐकू गेलं असतं. मन मात्र फार चांगलं.

या भाऊसाहेबांना एकच घोर लागलेला होता. नागपुरातून परदेशी पाठवलेलं संत्रं इथून निघायचं नवरदेवासारखं, आणि वाटेत त्याचे हाल व्हायचे. इकडच्या बंदरावर पेट्या उघडा, तिकडच्या बंदरावर पेट्या उघडा. संत्र्याखाली कोणी भलतंसलतं लपवून पाठवू नये म्हणून तपासायचे, आणि त्यांचंही काही चूक नव्हतं म्हणा. पण तपासून होईपर्यंत अर्धा माल नासायचा आणि टोपल्या भरभरून फेकावा लागायचा.

"वर्षभर झाडाईले पाणी घालून राहिलो ते काय समुद्रातल्या मासोळ्याईले संत्री खाऊ घालाले?" भाऊसाहेब विचारायचे.

मग आपल्या किनाऱ्यावरच्या एका बंदरानं आणि परदेशातल्या एका मोठ्या बंदरानं हातमिळवणी केली. नावं विचारू नका, मी सांगणार नाही. ठरलं असं की माल जिथं भरला तिथंच दोन्ही बंदरांच्या माणसांसमोर डबा बंद करायचा, त्याला सील लावायचं, आणि ते सील थेट पलीकडच्या बंदरात पोचल्यावर तोडायचं. मधे कोणी उघडायचं नाही की अडवायचं नाही. चोरी नको, लपवाछपवी नको, आणि फळांची नासाडीही नको. याची पहिली परीक्षा आमच्या संत्र्यांवर होणार होती. पास झालो तर दरवर्षी आमचा माल सरळ जाणार होता. नापास झालो तर पुन्हा मासोळ्यांची चंगळ.

या एका परीक्षेसाठी भाऊसाहेबांनी किती उंबरठे झिजवले होते ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून तर मीही जीव तोडून तयारीला लागले. नको तितकी लागले, तिथंच घात झाला.

ठरलेल्या दिवशी पाहुणे आले. आपल्या बंदराचे नाईकसाहेब, मूळचे कोकणातले, सडपातळ, एक शब्द बोलायच्या आधी दोनदा विचार करणारे. आणि परदेशी बंदराच्या मॅडम. तिथल्या सगळ्या सुरक्षेच्या मुख्य. त्यांचं नाव संघातल्या एकालाही धड म्हणता येईना, तेव्हा सगळ्यांनी मॅडमवरच भागवलं. त्यांच्याबरोबर ट्रकवर तो डबा आला होता. डबा कसला, चाकांवर ठेवलेली लोखंडी खोलीच, आतून थंड राहणारी. आमच्या अंगणात तो उभा राहिला तर रस्त्यावरचे लोक सायकली थांबवून बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हमालांनी पेट्या भरल्या. प्रत्येक संत्रं पातळ कागदात गुंडाळलेलं, खाली-वर गवत. मॅडम जातीनं आत शिरून बघत होत्या, इकडे तिकडे हात लावत होत्या. मग दार लागलं, कडीतून तार ओवली, तारेवर शिशाचं सील बसवलं आणि मॅडमनी पकडीनं ते दाबलं. टाळ्या झाल्या. भाऊसाहेबांनी डोळे पुसले. आठदहा जास्तीची सीलं आणि ती पक्कड एका थैलीत घालून नाईकसाहेबांनी माझ्या हातात दिली.

"आम्ही निघेपर्यंत तुमच्याकडे राहू द्या. जबाबदार हातात असलेली बरी," ते म्हणाले.

जबाबदार हात. माझेच हे दोन.

पाहुणे भाऊसाहेबांबरोबर जेवायला गेले. ड्रायव्हर ट्रकखाली चटई टाकून झोपला. दुपारच्या गाडीनं पाहुणे निघणार होते, आणि ट्रक ऊन उतरल्यावर. मी टेबलाशी बसून जरा पाय लांब केले आणि एकदम आठवलं. पाहुण्यांची पेटी उतरवायची राहिली होती.

आता ही पाहुण्यांची पेटी म्हणजे काय ते सांगते. आमच्या संघाचा रिवाज होता. गाडी कुठलीही असो, माल कोणाचाही असो, निघण्याआधी त्यातली एक पेटी खाली उतरवायची. ती पाहुण्यांची. नागपूरला येऊन कोणी संत्र्यांशिवाय परत गेलं आहे का कधी? स्टेशनवर बघा, ज्याच्या हातात करंडी नाही तो माणूस एक तर गाडी चुकलेला किंवा नागपूरचाच. भाऊसाहेबांनी मला नोकरीच्या पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. "शालिनी, टायपिंगमधी चूक झाली तर खोडता येते. पाहुणा रिकाम्या हातानं गेला तर इज्जत जाते." आणि आज, एवढ्या मोठ्या पाहुण्यांच्या वेळी, मी ती पेटी विसरले होते.

बाजारातून आणावी म्हणाल, तर हंगाम संपत आलेला. चांगला माल होता नव्हता तो सगळा त्या डब्यात गेलेला. संघात उरली होती ती चिंगळी संत्री, लिंबाएवढी. त्यात घरी सासूबाईंनी वेगळाच घाट घातला होता. मॅडमच्या बोटात अंगठी आहे, म्हणजे लग्न झालेलं आहे, हे मी आदल्या दिवशी बोलून गेले होते. सासूबाईंनी लगेच ठरवलं. "सवाशीण बाई एवढ्या दुरून आली वं. तिची ओटी भरल्याशिवाय कशी जाऊन राहिली ते मीच पाहतो. तू फक्त फळं आण. अन् चांगली आण."

मी अंगणात गेले. डब्याकडे पाहिलं. आता तुम्ही म्हणाल, बाई, सील होतं ना? होतं की. पण माझ्या डोक्यात साधा हिशोब. सील कोणापासून? चोरांपासून. मी काय चोर आहे? डबा अजून नागपुरातच उभा, आमच्याच अंगणात. घरातल्या बाईनं घरातला डबा उघडला तर ती काय चोरी होते? शिवाय पक्कड माझ्याकडे, सीलं माझ्याकडे. साहेबांनी उगाच का दिली असतील? काही कमीजास्त लागलं तर असावं, म्हणूनच ना?

कापली तार. दार जरासं ओढलं. अगदी दाराशी होती ती पेटी काढली, चौकीदाराच्या डोक्यावर दिली, दार लावलं, नवी तार ओवली आणि नवं सील असं दाबलं की मॅडमनीही इतकं घट्ट दाबलं नसेल. स्वतःच्या कामावर मी इतकी खूश झाले की जुनं सील नीट उचलून कचऱ्याच्या टोपलीत टाकलं. अंगण स्वच्छ दिसायला हवं.

पेटी रिक्षात घालून नंदनवनला घरी आले. सासूबाई हिरवं लुगडं नेसून तयारच. त्यांनी पेटी उघडली, पाच संत्री निवडली. कागद काढू दिले नाहीत. "राहू दे, शोभा दिसते," म्हणाल्या. खरंच शोभा होती. कागदांवर हिरव्या शाईचं काहीतरी वळणदार काढलेलं होतं. मला वाटलं, छापखान्यानं या खेपेला नक्षी घातली वाटतं.

स्टेशनवर पोचलो तर फलाटावर तिघं उभेच होते. भाऊसाहेबांनी मॅडमना ओटीचं समजावलं, म्हणजे मराठीत मोठ्यांदा समजावलं, आणि नाईकसाहेबांनी हळू आवाजात इंग्रजीत. मॅडम खूश. पदर नव्हता, तर सासूबाईंनी त्यांच्या गळ्यातला रुमाल सोडवून दोन्ही हातांवर पसरला. हळद-कुंकू लावलं, तांदूळ घातले, खण घातला, नारळ घातला आणि वर ती पाच संत्री. आजूबाजूचे प्रवासी कौतुकानं बघत होते. एका म्हातारीनं तर मॅडमनाच नमस्कार केला.

मॅडमनी हसत हसत एक संत्रं उचललं. कागद पाहिला. हसू थांबलं. दुसरं उचललं, तिसरं उचललं. मग नाईकसाहेबांच्या कानाशी काहीतरी बोलल्या आणि नाईकसाहेबांचा चेहरा पांढरा पडला.

"ही संत्री कुठून आणली?" त्यांनी मला विचारलं.

आता इथं तरी मला कळायला हवं होतं की नाही? पण मला वाटलं, माल आवडला. "त्याच डब्यातली जी," मी छाती काढून सांगितलं. "बाजारातली नाही. खास काढली."

"कुठल्या डब्यातली?"

"तोच जी, आपला. सकाळचा."

"त्याला सील होतं."

"हो जी. मंग काढल्यावर दुसरं लावलं ना. काळजी नको करा, पहिल्यापेक्षा घट्ट आहे."

नाईकसाहेबांनी ते मॅडमना सांगितलं. मॅडम स्वतःच्या ट्रंकेवर खाली बसल्या, ओटी तशीच हातावर धरून.

मग उलगडा झाला. सकाळी आत शिरल्या तेव्हा मॅडमनी कोणाला न सांगता दाराशी असलेल्या पेटीतल्या कागदांवर हिरव्या शाईनं सह्या करून ठेवल्या होत्या. डबा मधे कोणी उघडला तर हात आधी दाराजवळच्या पेटीलाच लागणार. पलीकडच्या बंदरात पोचल्यावर त्या सह्या जागच्या जागी सापडल्या तर परीक्षा पास. आणि त्या सह्या आता मी त्यांच्याच ओटीत घातल्या होत्या, हळदी-कुंकवासकट.

भाऊसाहेब काही बोलले नाहीत. तुम्हाला सांगते, ज्या माणसाचा आवाज काटोलपर्यंत जातो तो माणूस गप्प बसला की काय वाटतं ते शब्दांत सांगता येत नाही. मला रडू आलं, अगदी फलाटावर, चारचौघांत.

"पण साहेब, सील चोराईसाठी असते ना?" मी हुंदके देत विचारलं. "मी काहून चोर?"

"बाई, बंदराला माणूस कळत नाही," नाईकसाहेब म्हणाले. "त्याला फक्त सील कळतं. तुम्ही कितीही चांगल्या असलात तरी तिकडे तुमचं सर्टिफिकेट कोण बघणार?"

सासूबाई इतका वेळ ऐकत होत्या. त्यांना एवढंच कळलं की पाहुणी नाराज आहे आणि सुनेनं काहीतरी केलं आहे. त्या सरळ मॅडमसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "हे पाहा बाई, पोरगी येडी आहे, पण नियत साफ आहे. तुमाले रिकामं जाऊ देववलं नाई तिले. आता काय करायचं ते सांगा, आम्ही सारे करतो." नाईकसाहेबांनी हे शब्दाला शब्द सांगितलं असावं, कारण मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, ओटीकडे पाहिलं आणि उठल्या. डबा पूर्ण रिकामा करायचा, एकेक पेटी बघायची, त्यांच्या डोळ्यांसमोर पुन्हा भरायची आणि पुन्हा सील लावायचं. ट्रकनं वेळेत जहाज गाठलं तर परीक्षा ग्राह्य. पाहुण्यांची गाडी आमच्या डोळ्यांसमोरून निघून गेली.

भाऊसाहेबांच्या जीपमधून सगळे परत अंगणात. सासूबाईंनाही कोण घरी सोडणार, त्याही ओटीच्या ताटासकट आल्या. हमाल घरी गेलेले. निम्मे सापडले, निम्मे नाही. मग काय, भाऊसाहेबांनी धोतर खोचलं, नाईकसाहेबांनी कोट काढला, मी पदर कमरेला बांधला. मॅडमसुद्धा एक बाजू धरून पेट्या उतरवत होत्या. सह्यांची ती पेटी घरून परत आली. ओटीतली पाचही संत्री मॅडमनी स्वतः त्यात नीट लावली.

आणि या सगळ्यावर हुकूमत कोणाची? सासूबाईंची. एका उपड्या पेटीवर बसून त्या हमालांवर ओरडत होत्या. "अरे हळू गा, तुह्या बापाच्या घरच्या विटा नाई त्या." त्यांची कवळी नवी होती, जरा सैल. ओरडताना निसटायची. शेवटी त्यांनी ती काढली, रुमालात गुंडाळली आणि डब्याच्या दारात उभ्या असलेल्या माझ्या हातात दिली. "धर वं."

माझ्या हातात पेटी होती. मी रुमाल घेतला, शेजारच्या पेटीवर ठेवला आणि काम करत राहिले. दिवस मावळायच्या आत डबा भरला. या वेळी मॅडमनी सही कुठं केली ते कोणालाच कळलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही. सील लागलं. पक्कड मॅडमनी स्वतःच्या पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन ओढली. माझ्याकडे बघत ओढली. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं.

सासूबाईंनी माझ्यापुढं हात केला. दे.

मी हाताकडे पाहिलं. मग सासूबाईंकडे. मग डब्याकडे.

मी नुसतं बोटानं त्या सीलकडे दाखवलं. सासूबाईंना क्षणभर कळलं नाही, मग कळलं. त्यांचे डोळे असे मोठे झाले की मला वाटलं आता माझं काही खरं नाही. त्यांनी तोंड उघडलं. समोर भाऊसाहेब उभे होते, घामानं चिंब, त्या डब्याकडे हात जोडून. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, तोंड मिटलं आणि त्यावर पदर धरला.

ट्रक निघून गेला. संत्री गेली आणि सासूबाईंचे दातही गेले.

घरी येताना त्या रिक्षात एवढंच बोलल्या, "आता उघडा म्हटलं असतं तर तो माणूस जागीच मेला असता." मला खरं सांगायचं तर त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, आणि घरी गेल्यावर पडलेसुद्धा. त्यांनी पाय ओढून घेतले.

पुढचे दिवस विचारू नका. रोज गुरगुट्या भात आणि वरण. दात नवे करून घ्या म्हटलं तर, "कशाले? माझे येऊन राहिले ना जहाजानं." मला त्याहून वेगळीच धास्ती. दप्तरी फक्त संत्र्यांची नोंद. आत दात निघाले तर तो काय माल म्हणायचा? न सांगता पाठवलेला माल. म्हणजे ज्या लपवाछपवीविरुद्ध दोन बंदरं एक झाली ती आमच्या घरूनच झाली की. मी ऑफिसात फोन वाजला तरी दचकायचे. भाऊसाहेबांना सांगायची हिंमत झाली नाही.

शेवटी एक दिवस नाईकसाहेब स्वतः नागपूरला आले आणि भाऊसाहेबांना घेऊन थेट आमच्या घरी, नंदनवनला. मी दारात उभी, नोकरी गेलीच असं धरून. पण भाऊसाहेब एकदम नाचतच आत शिरले. "शालिनी, पास झालो. सील शाबूत, पेट्या पूर्ण, सह्या जागच्या जागी. दोन्ही बंदरं तयार झाली. पुढच्या हंगामापासून आपला माल सरळ जाते."

नाईकसाहेबांनी बॅगेतून एक छोटं पुडकं काढून टेबलावर ठेवलं. दोऱ्यानं बांधलेलं, वर लाखेचं सील. "हे मॅडमनी पाठवलं आहे," ते म्हणाले. "आधी तिकडे फार गोंधळ झाला. डब्यात दात कसे आले म्हणून. मग मॅडमना आठवलं की नागपुरात एक बाई दुपारभर बोलत होत्या आणि सील लागल्यावर एकदम गप्प झाल्या. त्यांनी तिथल्या मीटिंगमध्ये तेच पुढं केलं. एवढी जोखमीची वस्तू दोन बंदरं ओलांडून जशीच्या तशी पोचली, यापेक्षा डब्याच्या सुरक्षिततेचा आणखी कोणता पुरावा हवा?"

मी आनंदानं कात्री उचलली. सील कापायला हात पुढं केला, तर तिघंही एका आवाजात म्हणाले, "थांबा." कात्री माझ्या हातातून काढून घेण्यात आली. नाईकसाहेबांनी पुडकं सगळीकडून तपासलं, भाऊसाहेबांनी साक्षीला मान हलवली, आणि मग सील तोडलं.

सासूबाई आत जाऊन कवळी धुऊन आल्या, बसवली, दात दोनदा एकमेकांवर आपटून बघितले. आम्ही सगळे थांबलो. इतक्या दिवसांचं बोलणं साठलेलं होतं, पहिलं वाक्य काय येतं कोण जाणे. त्यांनी माझ्याकडे बघून घेतलं आणि नाईकसाहेबांना म्हणाल्या, "साहेब, पुढच्या डब्यात हिले पाठवा. सील लावून."

नाईकसाहेब नेहमीसारखे थांबले, दोनदा विचार केला आणि मान हलवली.

"नको हो आई," ते म्हणाले. "या आतून उघडतील."